दारातून उत्तर देणारी

एका गावात एका विणकराची मुलगी होती. पुढे काही दिवस त्या घरात तिच्यासारख्या दोघी राहत होत्या आणि आईबापांच्या ते लक्षातही आलं नाही.

गाव सगळं विणकरांचं. घरोघरी माग, आणि मागाइतकीच जुनी एक रीत. रोज सकाळी एक म्हातारा हाळी देत गल्लीतून जायचा आणि प्रत्येक दारापुढे थांबून विचारायचा, "बरं आहे ना?" ज्याला स्वतःचा माग मिळाला असेल, त्याने दारात येऊन आपलं उत्तर आपण द्यायचं. "बरं आहे" म्हटलं की म्हातारा पुढे. विचारायचं मात्र एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं तर दुखणं ते ऐकतं आणि विचारणाऱ्याच्या घरी राहायला जातं, असं सगळे मानत. सुटलेला एक धागा दहा पावलांवरून ओळखणारी ही माणसं, पण माणसाला दोनदा विचारायची छाती कोणाची नव्हती.

मुलीला एकोणिसावं लागलं आणि तिला माग मिळाला. आईने पेढे वाटले. "आता मोठी झालीस हो," असं जो तो सांगून गेला. त्याच महिन्यात तिच्या छातीवर काहीतरी येऊन बसलं. कशाचं दुःख म्हणाल, तर तिलाही सांगता आलं नसतं. घास गोड लागेना, कितीही झोपलं तरी शीण जाईना, मागावरचा धोटा उचलायचा तर हात जड. सगळ्यांचं नीट चाललंय, आपल्यातच खोट आहे, असं वाटून ती गप्प राही. सकाळी दारात जाऊन "बरं आहे" म्हणे आणि परत येऊन पडे.

एका सकाळी तिला उठवेचना. बाहेर हाळी आली. ती अंथरुणातच होती, आणि दारातून तिच्याच आवाजात उत्तर गेलं, "बरं आहे."

तिने मान वळवली. दारात तिच्याच अंगकाठीची कोणी पाठमोरी उभी होती. तसंच लुगडं, तशीच वेणी. ती वळली आणि हसली.

"तू पड," ती म्हणाली. "उत्तराचं मी बघते."

खरं सांगायचं तर मुलीला हायसं वाटलं. त्या वेळी कोणालाही वाटलं असतं.

मग दुसरी रोज दारात जाऊ लागली. पाणी भरू लागली, मागावर बसू लागली, पाहुण्यांत हसू लागली. "पोरगी मार्गी लागली," असं आई शेजारणीला कौतुकाने सांगे. खरी मुलगी सुताच्या ढिगाआड कोपऱ्यात बसून असे. एकदा तिने "आई" अशी हाक मारली. आईने इकडे तिकडे पाहिलं आणि वारा येतोय असं वाटून खिडकी लावून घेतली. मुलगी फार घाबरली. तिने आपला हात उजेडात धरून पाहिला, तर पलीकडची भिंत दिसत होती.

आपल्या मागावरच्या पहिल्या लुगड्याच्या पदरात विणणाऱ्याने आपलं नाव विणायचं, अशी तिथली पद्धत.

"नाव मी विणते," दुसरी म्हणाली. "चारच बोटं पदर राहिलाय. नाव विणून झालं की ते माझं. मग तुला इथे बसायचीही गरज नाही."

पदर विणायला मागावर दोघी लागत. शेजारची एक मुलगी लहानपणापासून हिची जोडीदारीण होती. तिला बरेच दिवस काहीतरी खटकत होतं. हल्ली हिच्या बाजूचा धागा एकदाही तुटत नव्हता. ही चुकत नव्हती, चिडत नव्हती, कधी कंटाळतही नव्हती. त्या दुपारी दुसरी पाणी प्यायला उठली, तेव्हा जोडीदारणीने तिच्या जागेवरच्या गोधडीवर हात टेकला. सकाळपासून कोणी बसलेलं असूनही गोधडी गार होती.

दुसरी परत आली. नावाचं पहिलं अक्षर घालायला तिने जरीचा दोरा घेतला.

"बरं आहे ना गं?" जोडीदारणीने विचारलं.

"बरं आहे."

जोडीदारणीने शेजारच्या आपल्या घराकडे पाहिलं. तिच्या घरी तान्हा भाऊ होता. दुखणं उचलून आपल्या घरी न्यायचं, तेही आपल्या तोंडाने? पण हात त्या गार गोधडीवरून निघेना.

"खरंच बरं आहे का?"

शेजारपाजारचे माग एकदम थांबले. आई चुलीपुढून धावत आली. "अगं, काय बोललीस हे," ती म्हणाली. दुसरी हसतच होती.

"बरं आहे," आवाज आला, आणि मग तिचे ओठ हलले.

"मी तुला विचारत नाही," जोडीदारीण म्हणाली. "तिला विचारतेय."

ती उठली. घरभर पाहिलं. कोपऱ्यातल्या सुताच्या ढिगावरचा एक धागा वारा नसताना हलत होता; तिथे जाऊन ती मांडी घालून बसली. तिला तिथे कोणी दिसत नव्हतं.

"मला घाई नाही," ती म्हणाली. "तुला जमेल तेव्हा सांग."

बराच वेळ गेला. मग सुताआडून, अगदी बारीक आवाजात, शब्द आले. "बरं नाही."

आईने तो आवाज ओळखला आणि सुताचा ढीग बाजूला सारला; मागे तिची मुलगी बसलेली होती. मागावर कोणीच नव्हतं. जरीचा दोरा तेवढा लोंबत होता.

दुखणं जोडीदारणीच्या घरी गेलं का? थोडं गेलं. ती त्या दिवशी खूप रडली, जेवलीही नाही. भावाला मात्र काही झालं नाही. पलीकडच्या गावात एक वैद्यबाई होती, औषध देई आणि पुष्कळ ऐकून घेई. आई आणि जोडीदारीण मुलीला दर आठवड्याला तिच्याकडे नेत. सहा महिने लागले. मधे काही सकाळी दुसरी पुन्हा दारात उभी दिसे. तशा सकाळी मुलगी जोडीदारणीला हाक मारी.

गावातल्या म्हाताऱ्याने मात्र दुसऱ्याच दिवसापासून प्रत्येक दारात दोनदा विचारायला सुरुवात केली. पहिल्या सकाळी पाच घरांतून "बरं नाही" असं उत्तर आलं. ती पाचही माणसं हळूहळू सावरली.

गल्लीच्या टोकाच्या घरी एक तरुण होता, सदा हसतमुख. म्हाताऱ्याने त्याला दोनदा विचारलं, मग तिसऱ्यांदा. तो हसत राहिला, आणि हसता हसता दारातली जागा रिकामी झाली. त्याच्या आईने कोपरान् कोपरा धुंडाळला. आत कोणी नव्हतं; त्याच्या नावाचा पदर केव्हाच विणून झाला होता. इतकी वर्षं आपण कोणाला जेवू घालत होतो, हे तिला सांगता येईना.

ती अजून रोज सकाळी घराकडे तोंड करून उंबऱ्यात बसते. "बाळा, बरं आहे का रे?" असं विचारते, आणि ऐकत राहते.

तात्पर्य: जो रोज "बरं आहे" म्हणतो त्यालाही पुन्हा विचारा, वेळेवर विचारा, आणि खरं उत्तर येईपर्यंत तिथून उठू नका.