मुकी झालेली देवी

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, तर त्या नगराचं नावसुद्धा आता कुणाच्या तोंडी राहिलेलं नाही.

नदीकाठी भाजक्या विटांचं ते नगर. भोवती उंच तट, त्यामुळे आतून नदी दिसत नसे. देवळाच्या भिंतीत वीतभर भोक होतं आणि त्यातून सतत हूऽऽ असा आवाज येई. देवी बोलते, असं लोक म्हणत. ती गप्प झाली, तर एका कुमारिकेला भिंतीत चिणायचं, अशी तिथली रीत होती. का, ते कुणी विचारत नसे. रीतीला कोण विचारतो?

एका पावसाळ्यात आवाज थांबला. पुजाऱ्याने घराघराच्या खुणांच्या खापऱ्या माठात घातल्या आणि एक काढली. ती म्हाताऱ्या कुंभाराच्या घरची निघाली. त्याला एकुलती एक मुलगी होती.

गवंडी विटा रचू लागले. मुलगी रडलीसुद्धा नाही, नुसती बापाकडे बघत राहिली. विटा गुडघ्यापर्यंत आल्या, मग कमरेपर्यंत. कुंभाराला जे ठाऊक होतं ते नगरात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. विटा मुलीच्या छातीला लागल्या, तसे त्याने तिथे उभ्या असलेल्या नगराच्या राजाचे पाय धरले.

"महाराज, हे थांबवा. तो आवाज देवीचा नाही, नळाचा आहे. आमच्या पूर्वजांनी या भिंतीपासून नदीच्या दरडीपर्यंत मातीचा नळ पुरलाय. वारा शिरला की तो वाजतो, नळाचं तोंड पुरात बुडालं की गप्प होतो. आवाज थांबला की टेकडी गाठायची, एवढ्यासाठीच तो घातला होता."

लेकीसाठी हा वाटेल ते बोलतोय, असं पुजारी म्हणाला. राजाने एकाला तटावर पिटाळलं. तो धावतच परतला. पाणी तटाच्या निम्म्यावर चढलं होतं.

भिंत फोडली, मुलीला बाहेर ओढलं आणि सगळं नगर मागच्या वेशीतून टेकडीकडे पळालं. संध्याकाळपर्यंत खाली फक्त देवळाचा कळस दिसत होता.

टेकडीवर एक म्हातारी कुंभारापुढे येऊन उभी राहिली. वीस वर्षांपूर्वी देवी अशीच गप्प झाली होती. तेव्हा पूर तटाबाहेरच ओसरला, पण त्याआधी तिची मुलगी चिणली होती.

"तेव्हाही तुला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"होतं," कुंभार म्हणाला. देवीचा कुंभार म्हणून पहिला प्रसाद त्याच्या घरी येई. तो मान जाईल, म्हणून तो तेव्हा गप्प बसला होता.

"तुझी वाचली, बरं झालं," म्हातारी म्हणाली. "माझीही वाचली असती."

पूर ओसरल्यावर म्हातारीची मुलगी जिच्यात चिणली होती, ती जुनी भिंत कुंभाराने स्वतःच्या हातांनी उकलली. त्यानंतर त्याच्या घरी कुणी प्रसाद नेला नाही, आणि त्यानेही कधी मागितला नाही.

बोध: आपल्यावर वेळ येईपर्यंत दडवून ठेवलेलं सत्य तोवर कुणा दुसऱ्याचा बळी घेऊन गेलेलं असतं.