दोन शब्द आधी

“मास्तर, एक रेकॉर्ड किती वेळा वाजवली की झिजते?”

“का गं? तिचं लग्न करायचंय का?”

शलाका हसली नाही. ओढणीत गुंडाळलेली सात इंची रेकॉर्ड तिने छातीशी धरली होती, गर्दीच्या एसटीत तान्हं पोर धरावं तशी.

रूबेनमास्तर नाशकातल्या शरणपूरच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं गाणं शिकवत आलेले. शलाका त्यांच्याच हाताखालची. गेल्या नाताळात ती भर कार्यक्रमात दोन शब्द आधी सुरू झाली. समोरून कोणीतरी फिसकन हसलं आणि ती तिथेच थांबली. थांबली ती थांबलीच. आठ महिने झाले, गायला तोंड उघडलं नव्हतं.

गाणं सोडलं आणि जमवणं धरलं. अमेरिकेत तिथल्या कृष्णवर्णीयांचं सोल संगीत गाणारी एक व्हर्ना टल होऊन गेली, तिच्या जुन्या छोट्या रेकॉर्ड्स. एकोणीस झाल्या होत्या. कुठली कोणत्या साली निघाली, कुठल्या रेकॉर्डवरच्या मधल्या गोल कागदाचा रंग कोणता, सगळं तोंडपाठ. वाजवली मात्र एकही नव्हती. गाणी मोबाईलवर ऐकायची. रेकॉर्ड्स कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत.

“रविवारी येतेस ना गायला?”

“नाही मास्तर. गाणाऱ्या पुष्कळ आहेत. जपणारंही कोणीतरी लागतं.”

हे ती जरा मान ताठ करूनच म्हणाली.

मास्तरांनी रेकॉर्डसाठी हात पुढे केला.

“ही तिची पहिली,” रेकॉर्ड त्यांच्या हातात देत शलाका म्हणाली. “अख्ख्या नाशकात दुसरी नसेल.”

“होती. माझ्याकडे. ऐकून ऐकून संपवली.”

शलाकाने ती परत घ्यायला हात पुढे केला. पण तोवर मास्तरांनी प्लेयरचं झाकण उघडलंही होतं. असल्या रेकॉर्डचं मधलं भोक मोठं आणि प्लेयरची खुंटी बारीक. भोकात बसवायला मास्तरांकडे एक चकती होती, जुन्या रबरी चपलेची कापलेली.

“मास्तर! चप्पल?”

“धुतलीय.” त्यांनी रेकॉर्ड बसवली. “सुई तू ठेव.”

“मी? नको... माझा हात थरथरतो.”

“माझाही थरथरतो. मला पंच्याहत्तर झाली. तुला काय झालं?”

सुई टेकली. खरखर झाली. आणि...

एकदम बाईचा आवाज. ना वाद्य, ना ताल. दोन शब्द, एकटेच, उघडेवाघडे. मग मागून ड्रम धावत आला.

शलाकाने दचकून सुई उचलली. “गेली! मास्तर, सुरुवातच उडाली! मोबाईलवर आधी वाद्यं वाजतात, मग ती येते. माझ्याच हातून ओरखडा पडला...”

मास्तरांनी रेकॉर्ड काढली, खिडकीच्या उजेडात तिरकी केली आणि तिच्या हातात दिली. काळीभोर, आरशासारखी. एक रेघ नाही.

“मोबाईलवरची नंतर कोणीतरी नीटनेटकी केली,” मास्तर म्हणाले. “ही त्या दिवशीची.”

“म्हणजे... ती चुकली? आधीच सुरू झाली?”

“दोन शब्द.”

शलाकाने रेकॉर्ड पुन्हा उजेडात तिरकी केली.

“सगळे हसले असतील तिला.”

“असतील. रेकॉर्डमध्ये ऐकू येत नाही.”

...

शलाकाने रेकॉर्ड स्वतःच परत त्या चपलेवर बसवली. सुई टेकवली आणि या वेळी ती उचलायला हात जाऊ नये म्हणून तो मांडीवर घट्ट धरून ठेवला.

दोन शब्द एकटे आले. ड्रम धापा टाकत त्यांना गाठायला आला, त्यामागून बाकीची वाद्यं. दुसऱ्या ओळीपर्यंत सगळी मंडळी बरोबरीने चालू लागली, जणू असंच ठरलं होतं. पुढे कुठेतरी शलाकाचे ओठ हलायला लागले. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

गाणं संपलं. रेकॉर्ड नुसतीच फिरत राहिली.

“मास्तर... रविवारी मी परत आधी सुरू झाले तर?”

मास्तरांनी हलकेच सुई उचलली.

“ही बाई थांबली का?”