कोंडवळचा एक पैसा

कोंडवळ गावाचं उत्पन्न एका महिन्यात दहापट झालं पाहिजे, नाहीतर नदीकाठचं बांबूचं बेट सरकारजमा!

राजा कर्णध्वजाचा हा हुकूम पाटलाने चावडीवर वाचून दाखवला आणि सगळं गाव मटकन खाली बसलं. गाव बुरुडांचं. टोपल्या, सुपं, परड्या विणायच्या आणि जोडीला थोडं भात पिकवायचं. बेटच गेलं तर विणायचं काय, डोक्यावरचे केस?

झालं होतं असं. महाराज शेजारच्या राज्यात लग्नाला गेले होते. तिथल्या राजाने पंगतीत जिलबीचा आग्रह करता करता सांगितलं, की आमच्या राज्याचं उत्पन्न यंदा दुप्पट झालं बरं का. महाराजांना ती जिलबी गोड लागेना. परत येताच त्यांनी दिवाणांना विचारलं, आपलं किती?

दिवाणांना ते कुठे ठाऊक होतं! पण ठाऊक नाही असं कबूल करणारा माणूस दिवाण होत नाही. त्यांनी रातोरात एक नियम काढला. ज्या कामाचे किंवा वस्तूचे पैसे हातावर पडले तेवढंच उत्पन्न, बाकी सगळा रिकामा उद्योग. मग गावोगाव एकेक कारकून वही घेऊन बसला.

कोंडवळच्या वहीत महिन्याला भरले चाळीस पैसे, तेही बाजारात विकलेल्या टोपल्यांचे. कारण कोंडवळात सावड चालायची. आज सगळ्यांनी मिळून तुझं भात कापायचं, उद्या सगळ्यांनी माझं. मजुरी कोणी कोणाला देत नसे. कारकून बिचारा प्रामाणिक. त्याने लिहिलं, गाव दिवसभर राबताना दिसतं, पण काही करत नाही. त्यावर दिवाणांनी शेरा मारला, राज्यातलं सर्वांत आळशी गाव.

आता करायचं काय? कोणी म्हणालं, दुप्पट टोपल्या विणू. पण बांबू काही हुकमाने वाढत नाही. कोणी म्हणालं, महाराजांच्या पायावर पडून रडू. पाटलाला हा उपाय पसंत होता, कारण त्याला रडू चटकन येई. तेवढ्यात रखमा बुरुडणीची लेक येसू उठली आणि सरळ कारकुनासमोर जाऊन उभी राहिली. हिच्या कोयत्यापेक्षा जिभेला धार जास्त, असं गावातल्या सासवा म्हणत.

तिने विचारलं, मी शेजारच्या शेवंताचं भात कापलं आणि तिनं मला एक पैसा दिला, तर लिहाल? कारकून म्हणाला, लिहीन. उद्या तिनं माझं कापलं आणि मी तिला पैसा दिला तर? तेही लिहीन. आणि पैसा तोच असला तर? कारकुनाने दिवाणांचा नियम उलटसुलट वाचला. पैसा कोणता असावा याबद्दल त्यात अक्षर नव्हतं.

"मंग बसा वही उगडून," येसू म्हणाली. "उठायचं न्हाई."

तिने घरातून एक ढब्बू पैसा आणला आणि गावात सोडला. महिनाभर तो पैसा एका जागी टेकला नाही. शेवंताने येसूला दिला, येसूने पाणी आणून देणाऱ्या तुळसाला, तुळसाने पोर झोपवणाऱ्या म्हातारीला. गोंदाने भिवाची भिंत लिंपली, एक पैसा. भिवाने गोंदाच्या बैलाला पाणी पाजलं, एक पैसा. शेवंताच्या जावेने तिच्या उवा काढल्या, एक पैसा. दोन सासवांनी सुना बदलून घेतल्या आणि रोज एकमेकींच्या सुनेकडून तोच पैसा देऊन भाकऱ्या थापून घेतल्या. स्वतःच्या घरात यापेक्षा भाकऱ्या बऱ्या होत्या, असं दोघींचंही मत पडलं. कारकुनाने एकाला पत्र लिहून दिलं, त्याचा पैसा मिळाला. तो त्याने दुखरं मनगट चोळून घ्यायला दिला आणि दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या. महिनाअखेर आकडा झाला सहाशे दहा!

महाराजांना राहवेना. पंधरापट उत्पन्नाचं गाव बघायला ते दिवाणांसह स्वतः आले. त्यांना वाटलं होतं, माड्या दिसतील, दारात हत्ती झुलतील. बघतात तर तीच गवताची घरं, त्याच टोपल्या आणि दारोदार फिरून दमलेली माणसं.

"एवढं उत्पन्न ठेवलंय कुठे?" महाराजांनी विचारलं.

येसूने कनवटीचा ढब्बू पैसा काढून त्यांच्यापुढे ठेवला. हात लागून लागून तो पार गुळगुळीत झाला होता.

दिवाण लालबुंद झाले. ही सरकारची शुद्ध फसवणूक आहे, बेट आत्ताच्या आत्ता जप्त करा, असं ते ओरडू लागले. रखमा लेकीला मागे ओढू लागली. पण येसूने कारकुनाची वही ओढून दिवाणांपुढे धरली.

"यातलं कंचं काम खोटं हाय ते दावा," ती म्हणाली. "भात कापलं, ते कणगीत हाय. भिंत लिंपली, ती उभी हाय. शेवंताच्या डोक्यात ऊ गावली, तर बेट घेऊन जावा."

महाराजांनी मिशीत हसू दाबलं. दिवाणांना मात्र शेवंताच्या डोक्यात शिरायचं नव्हतं.

"अगं, पण ही सगळी कामं तुम्ही दरसाल करतच होता!"

"मंग दरसाल आमी आळशी कसं, दिवाणजी?"

वही खरी मानावी, तर गावाने हुकूम पाळला होता. खोटी मानावी, तर हुकूमच खोट्या वहीवर काढला होता. महाराजांनी तो पैसा उचलून बोटांत फिरवला. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि शेजारच्या राजाचं उत्पन्न दुप्पट झालं, ते कसं गं?"

"त्येंच्याकडं दोन पैसे असतील, महाराज."

महाराज असे हसले की फेटा सुटून मांडीवर आला. पुढच्या लग्नात हे सांगायचंच, असं ते डोळे पुसत म्हणाले. बांबूचं बेट त्यांनी तिथल्या तिथे कायमचं कोंडवळच्या नावे करून दिलं, आणि येसूच्या हातात स्वतःचं सोन्याचं कडं घातलं.

दिवाणांनाही हुकूम झाला. त्यांनी आठ दिवस कोंडवळात राहून सावडीने भात झोडलं. पाठ मोडेस्तोवर झोडलं. मजुरी घ्यायची नव्हती, म्हणून कारकुनाने लिहिलं, या आठवड्यात दिवाणसाहेबांनी काहीही केलं नाही.