गिळलेली हाक

एका राज्यात कायदा होता: अंगावर कोणी आलं, तर आधी तीन हाका माराव्या. माणसाची ओ मिळाली, मगच हत्यार उचलावं. ओ न मिळालेली हाक, ती हाकच नव्हे. कायदा म्हाताऱ्यांनी केला होता. त्यांच्या अंगावर कधी कोणी आलं नव्हतं.

खिंडीत भिवरा एकटीच शेळ्या राखून राहायची. एका भरदुपारी कवड्या मांत्रिकाने तिच्या गळ्यात सापाचा फास टाकला. तिने तीन हाका मारल्या. खाली गावात दारं लागली. मग तिने कोयत्याचे दोन घाव घातले.

मरताना मांत्रिक म्हणाला, “हाकेला माणसाची ओ मिळेपर्यंत कोयता हातून सुटणार नाही.”

सुटला नाही. शेळ्यासुद्धा जवळ येईनात.

राजाने तिला बोलावलं. गावचा कारभारी रखमाजी मिशा सावरत म्हणाला, “महाराज, आम्ही काही ऐकलं नाही. हाक नाही, म्हणजे खून.”

“मी दिली होती ओ,” खांबावरची टिटवी म्हणाली.

“पाखराची ओ धरत नाहीत.”

राजा म्हणाला, “भिवरे, तीन दिवसांत तिन्ही हाका हजर कर. नाहीतर सूळ.”

ओ न मिळालेली हाक मरत नाही, अडकून बसते. टिटवी पुढे, भिवरा मागे. पहिली हाक कड्याच्या कपारीत सापडली, कुडकुडत होती. दुसरी गावच्या आडात, पाण्याखाली. दोन्ही तिने पदरात बांधल्या. तिसरी कुठेच नव्हती.

तिसऱ्या दिवशी भर दरबारात भिवराने पदरातल्या दोन हाका राजापुढे ठेवल्या, तेव्हा टिटवी रखमाजीच्या खांद्यावर बसली. “ही इथे आहे. ह्याने गिळली.”

भिवरा त्याच्याकडे निघाली. हातात कोयता होताच, ती तरी काय करणार!

“वाचवा!” रखमाजी ओरडला.

दरबार गप्प. कोणी जागचं हललं नाही.

“ओ,” भिवरा म्हणाली नि थांबली.

पण त्याचं तोंड उघडलं होतं. तिसरी हाक बाहेर पडली आणि दरबारभर घुमली: “रखमाआबा, धावा!”

रखमाजीने मान खाली घातली. “ओ,” तो म्हणाला. कोयता खणकन फरशीवर पडला.

“घाव दोन का?” राजाने विचारलं.

“पहिला जगायला. दुसऱ्या वेळी तो पडला होता.”

“उठत होता?”

“माहीत नाही, महाराज. कोणी येत नव्हतं, एवढंच माहीत होतं.”

राजा म्हणाला, “पहिला घाव माफ. दुसरा निम्मा तुझा, निम्मा दारं लावणाऱ्यांचा. मेलेल्याचा चौथरा सगळ्यांनी मिळून बांधा. आणि आजपासून मारली ती हाक. ऐकून ओ न देणारा गुन्हेगार.”

रखमाजीने डोक्यावरून दगड वाहिले. कायदा सरळ झाला, शाप फिटला, शेळ्या परत आल्या.

आता रोज सांजेला गाव खालून ओरडतं, “भिवरेऽऽ!” ती ओ देते.

हाक मात्र ती कुणालाच मारत नाही.