रस्त्यांची अदलाबदल

नगरपालिकेच्या इंजिनिअर शैलजाबाई ढोबळे यांनी बिल्डर गुंजाळांच्या वसाहतीतला नवा रस्ता पास केला आणि शेजारच्या बिल्डर रणदिव्यांचा नापास केला. रणदिव्यांच्या पोटात दुखू लागलं. ते भर कचेरीत गरजले, "बाई, दोन्ही रस्ते अगदी सारखे आहेत. मग त्या गुंजाळचेच एवढे लाड कशाला?"

"सारखेच असतील, तर असं करू," बाई म्हणाल्या. "पाच वर्षं दुरुस्ती बिल्डरनंच करायची असते. तुम्ही गुंजाळांचा रस्ता सांभाळा, ते तुमचा सांभाळतील. ते हो म्हणाले, की मी सही करते."

"कबूल! आत्ताच बोलवा त्याला!" रणदिवे खूश होऊन खुर्चीवरून उठलेच.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "साहेब, स्वतःचा रस्ता दुसऱ्याच्या गळ्यात मारायची तुम्हालाच एवढी घाई, तर मी तो लोकांच्या गळ्यात कसा मारू?"