एकशे चव्वेचाळीस!

“झाडू धरणाऱ्या हातात मीटर? काहीतरीच!” राजेसाहेब कडाडले.

संस्थान केव्हाच गेलं, पण राजेसाहेबांचा हट्ट काही जाईना! त्यांच्या संग्रहालयात गॅमा किरण सोडणारा एक काळा दगड होता. दर तासाला किती किरण अंगावर येतात, ते सांगणारा हातात धरायचा मीटरही होता. तो सांभाळणारे अण्णा निवृत्त झाले आणि दालन झाडणाऱ्या सगुणानं ती जागा मागितली. मागणार नाही तर काय? अण्णांचे डोळे अधू, चार वर्षं रोजचे आकडे तीच वाचत होती!

“बरं,” राजेसाहेब म्हणाले, “या तीन बंद लाकडी पेट्या, वजनाला सारख्या. उघडायच्या नाहीत. मीटरचं बटण एकदाच दाबायचं आणि दगड कुठं आहे ते सांगायचं. जमलं तर मीटर तुझा. चुकलीस तर झाडूही जाईल!”

“पेट्या सरकवल्या तर चालेल?”

“खुशाल सरकव!”

सगुणानं मीटर घेतला आणि पहिली पेटी स्वतःपासून एका पावलावर ठेवली, दुसरी दोन पावलांवर, तिसरी तीन.

“हे काय, लगोरी मांडतेस?”

“दगड एका पावलावर असला की छत्तीस येतात, राजेसाहेब. दोनवर नऊ, तीनवर चार. आकडा आला की पेटी कळली!”

राजेसाहेब मिशीत हसले आणि तिच्या मागे येऊन मीटरमध्ये डोकावले. “दाब की!”

तिनं दाबलं. एकशे चव्वेचाळीस!

“झाली ना फजिती! छत्तीस नाही, नऊ नाही, चारही नाही!”

चार वर्षांत मीटर कधी चुकला नव्हता. सगुणानं आकड्याकडे पाहिलं, मग मागे राजेसाहेबांच्या पायांतल्या जोड्यांकडे.

“अर्ध्या पावलावर एकशे चव्वेचाळीस येतात, राजेसाहेब. तिथं पेटी एकही नाही. तिथं तुम्ही आहात! काढा बघू खिशातला दगड. असला दगड अंगाशी बाळगता हे राणीसाहेबांना कळलं तर काय म्हणतील?”

राजेसाहेबांना इतकं हसू फुटलं की दगड खिशातून निघेना! “अगं, तो पेटीत आहे असं मी म्हणालोच नव्हतो!”

“म्हणून तर मी तुम्हाला खोटारडे म्हटलं नाही!”

“घे बाई, मीटर तुझा! पण आता दालन कुणी झाडायचं?”

“आज जो हरला, त्यानं!” सगुणानं झाडू पुढे केला.

आणि राजेसाहेबांनी हसत हसत तो घेतला.