मापभर एकच शेवई

"भरल्या मापात एकच शेर? बाकीचे तीन शेर कुठं गेले?" कोठारावरच्या अप्पाजी कोठावळ्यांनी भर दरबारात ठकूला विचारलं.

ठकू शेवया वळायची. पाटावर बोटं फिरवून केसासारखी बारीक शेवई काढायची, आणि त्याच पाटावर तिचं पोट होतं. राजकन्येच्या लग्नासाठी घरटी एक माप वळवट, म्हणजे खिरीसाठी हातानं वळलेले गव्हले-शेवया, देण्याचा हुकूम सुटला, तेव्हा इतर बायकांनी तांदळाएवढे गव्हले दिले. ठकूनं शेवया दिल्या आणि फसली.

हुकूम भैरोजीराजांचा. गेल्या वाढदिवसाला त्यांची गुळानं तुला झाली होती. गावातला सगळा गूळ संपला तरी राजांचं पारडं जागचं हललं नाही, आणि राणीसाहेब पदराआड हसल्या. दुसऱ्या दिवशी राज्यातले सगळे तराजू कोठारात बंद! त्यांच्या जागी तांब्याचं एक माप आलं. राजांनी त्यात गव्हले भरून एकदाच काय ते तोलून पाहिलं. चार शेर भरले. झाला कायदा: माप भरलं की चार शेर, मग आत काहीही असो.

अप्पाजींना मात्र शेवयांचं माप हाताला हलकं लागलं. त्यांनी चोरून तोललं आणि चोर ठरली ठकू.

"आठ दिवस देतो," राजे म्हणाले. "याच मापात मावणारी चार शेर शेवई आण. दाबायची नाही, मोडायची नाही, दुसरं काही मिसळायचं नाही. नाही जमलं तर तुझा पाट लग्नाच्या चुलीत जाईल, आणि पुन्हा शेवईला हात लावायचा नाही."

ठकूला रडूच आलं. पाट तिच्या आईचा होता. पण घरी पोचेपर्यंत रडू ओसरून राग आला, आणि रागात तिचं डोकं फार छान चालायचं. तिनं पीठ मळायला घेतलं.

आठव्या दिवशी ती डोक्यावर टोपली घेऊन दरबारात हजर झाली. टोपलीतून तिनं दोन्ही हातांनी एक जाडजूड, गोल, वाळून कडक झालेला ऐवज काढला आणि मापात सोडला. माप काठोकाठ भरलं.

"हे काय आहे?" राजांनी विचारलं.

"शेवई, म्हाराज. एकच हाय, पर अंगानं भरलेली हाय."

राजांनी नकळत पोट आत घेतलं.

अप्पाजींनी जळमटं झटकून तराजू आणला. शेवई बरोबर चार शेर भरली.

"अगं, ही शेवई आहे की जात्याचा दगड?" अप्पाजी म्हणाले.

"जाडी किती ते हुकमात न्हवतं जी. दाबली न्हाई, मोडली न्हाई, गव्हाबिगर काय मिसळलं न्हाई."

राजांनी शेवई चावून पाहिली. शेवईला काही झालं नाही, राजांचा एक दात हलला. गाल चोळत ते म्हणाले, "आणि मधे हे एवढं आरपार भोक कशाला?"

"सबंध केली तवा सहा शेर भरली, म्हाराज. दोन शेर जास्तीचे, म्हणून पोखरली. आता कोठावळ्यांनी त्या भोकाचं वजन करून दावावं. मापात जागा तर त्यानंबी अडवलीया."

अप्पाजी भोकाला डोळा लावून बघत बसले. पलीकडून त्यांना राजेच दिसले.

"माझ्या शेवयांत बी ह्येच भोक हुतं," ठकू म्हणाली. "फकस्त बारीक करून दोन-दोन शेवयांच्या मधी वाटून टाकलं हुतं. म्हाराजांनी त्या भोकाला तीन शेर धरलं, त्यात माझी चोरी कशी? आता येवढंच सांगा, लग्नात व्याह्यांच्या पानात कंची शेवई वाढायची?"

व्याह्यांचे दात डोळ्यांपुढे आले आणि राजांना असं हसू फुटलं की फेटा कानावर आला तरी थांबेना.

तराजू त्याच दिवशी सुटले. पाटाला चांदीच्या पट्ट्या लागल्या, लग्नाच्या सगळ्या शेवया ठकूकडे आल्या. आणि ती जाड शेवई? तिची खीर एकट्या अप्पाजींनी संपवावी असा हुकूम झाला. ती अजून शिजते आहे.